माशांच्या जखमांवर औषधाआधी पाणी पाहावे

डहाणू व तलासरी तालुक्यांत शेततळ्यांत किंवा घरच्या हौदात मासे पाळणाऱ्या बंधुभगिनींनी हिवाळ्यात विशेष सावध राहणे अगत्याचे आहे. पाणी थंडावले की माशांच्या अंगावर तांबडे चट्टे उठून व्रण पडण्याचा संभव असतो. 1988 साली भारतात शिरलेला व्रणरोग असाच असून, त्याचे मूळ बुरशीसदृश सूक्ष्म जीवात आहे. मरळ त्यास लवकर बळी पडते.

अशा वेळी दुकानात मिळेल ते प्रतिजैविक पाण्यात ओतणे आमच्या मते सर्वथा अयोग्य होय. बुरशीसदृश जीवावर ते निरुपयोगी ठरते. शिवाय क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांस मत्स्यसंवर्धनात मनाई आहे. त्यापेक्षा जखमी मासा वेगळा काढावा. 1 लिटर पाण्यात 20 ग्रॅम साधे मीठ विरघळवून त्यात तो काही मिनिटेच ठेवावा व कलंडू लागताच स्वच्छ पाण्यात सोडावा. हौदातील गर्दी कमी करावी आणि पाणी थोडे थोडे बदलावे. तळ्यात चुना टाकणे झाल्यास मत्स्य अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच टाकावा.

मेलेला मासा किंवा हौदाचे दूषित पाणी ओढ्यात कदापि सोडू नये. ओढ्यातील मासळी हे येथील कित्येक आदिवासी कुटुंबांचे अन्न आहे. एका घरची हयगय साऱ्या पाड्यास भोवू नये, एवढी दक्षता प्रत्येकाने घ्यावी.