गंधाचा उसना अर्थ

२०२२ च्या जून महिन्याच्या आरंभी ‘लेयर शॉट’ नामक बॉडी स्प्रेच्या दोन जाहिराती दूरचित्रवाणीवर झळकल्या आणि चार-दोन दिवसांतच माहिती व प्रसारण खात्याच्या हुकमाने त्या यूट्यूब व ट्विटरवरून उतरवाव्या लागल्या, ही हकिकत पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्यांपैकी एकीत, दुकानातील मांडणीसमोर उभ्या असलेल्या तरुणीच्या पाठीमागे चार तरुण येतात, आपण चौघे आणि ही एकच, तेव्हा ‘शॉट’ कोणी घ्यायचा असे आपसांत बोलतात, ती भयभीत होऊन मागे वळते, आणि मग उलगडा होतो की विषय तिचा नसून मांडणीवर उरलेल्या एकुलत्या एका बाटलीचा होता. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, कोणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नव्हता असा खुलासा केला, आणि गवगवा शमला. त्या हेतूची खातरजमा करण्याच्या भरीस मी पडत नाही. कारण हा विनोद कळण्यासाठी प्रेक्षकाच्या मनात सामूहिक अत्याचाराची कल्पना आधी उमटावीच लागते, आणि ती उमटली नाही तर पुढच्या उलगड्यात हसण्याजोगे काहीच शिल्लक राहत नाही. त्या तरुणीचे भय हेच त्या विनोदाचे भांडवल होते.

हे भांडवल सुगंधाच्या व्यापाऱ्यालाच इतके का लागावे? साबणाचा फेस दाखवता येतो, साडीचा पोत दाखवता येतो. परंतु गंध हा असा चमत्कारिक माल आहे की तो ना चित्रात उमटतो, ना पडद्यावर उतरतो. सबब त्याला अर्थ उसना आणावा लागतो. ज्युडिथ विल्यमसन या विदुषीने १९७८ साली जाहिरातींची उकल करणारा जो ग्रंथ लिहिला, त्यात शनेल नंबर पाच या अत्तराची जाहिरात तपासली आहे. कॅथरीन दनव या फ्रेंच अभिनेत्रीचा चेहरा आणि शेजारी बाटली, एवढाच काय तो मामला. दोहोंचा संबंध सांगणारा युक्तिवाद कोठेही नाही. तो संबंध पाहणाराच जोडतो, आणि आपण तो जोडला याचे भानही त्याला राहत नाही. पुढे विल्यमसन दाखवतात की दनवच्या त्या संयत, अभिजात स्त्रीत्वाला किंमत येते ती दुसऱ्या एका अत्तरासाठी उभ्या केलेल्या अवखळ मार्गो हेमिंग्वे या मॉडेलशी असलेल्या भेदामुळे. दोन बाटल्यांतील फरक सांगता येत नाही, म्हणून दोन स्त्रियांतील फरक विकावयाचा. आणि त्याहून स्वस्त, सर्वांना तत्काळ उमगणारा भेद हवा असेल, तर स्त्री आणि पुरुष हा आहेच.

या भेदाची देहबोली अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने त्याच दशकात शेकडो छायाचित्रे मांडून दाखवली: पुरुष ताठ उभा, स्त्री पहुडलेली, पुरुषाचा हात वस्तू पकडणारा, स्त्रीची बोटे त्याच वस्तूला केवळ स्पर्शणारी. २००० साली ओपियम या अत्तरासाठी विवस्त्र पहुडलेल्या सोफी डाल या मॉडेलचे चित्र ब्रिटनमधील रस्तोरस्ती लागले, तेव्हा तक्रारींचा पाऊस पडून तेथील जाहिरात नियामकाने ते फलक उतरवण्याचा आदेश दिला. फलक उतरले, पहुडण्याची रीत उतरली नाही. पुरुषाच्या बाटलीवर तर याचीच उलटी बाजू छापलेली असते. अंगावर फवारा मारताच स्त्रिया धावत येतात, हे अ‍ॅक्स या पुरुषांच्या बॉडी स्प्रेने वर्षानुवर्षे इतक्या बिनदिक्कत सांगितले की त्यात स्त्रीला इच्छाच नाही, केवळ परिणाम आहे, हे ध्यानात येणेही थांबले.

गंधाच्या ठिकाणी मूळचे लिंग नाही, हे सिद्ध करण्यास पाश्चात्त्य पंडितांची साक्ष काढण्याचे मला तरी कारण वाटत नाही. आपल्याकडील लग्नसमारंभात अत्तरदाणी व गुलाबदाणी फिरत असे, तेव्हा मांडवातल्या पुरुषांच्या मनगटाला आणि हळदीकुंकवाच्या बायकांच्या हाताला तेच गुलाबाचे अत्तर लागे. आणि कनोजच्या गुलाबाचा फाया कानात ठेवणाऱ्या रसिकाला आपण बायकी दिसतो की काय, अशी शंका शिवत नसे. तोच गुलाब आज दुकानाच्या मांडणीवर ‘तिच्यासाठी’ या पाटीखाली गेला आहे.

‘लेयर शॉट’चा गवगवा झाला त्याच जून महिन्यात मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषदेने लिंगविषयक साचेबंद चित्रणाबाबत मार्गदर्शक नियम जाहीर केले. ते स्वागतार्ह आहेत. तथापि ही परिषद जाहिरात-व्यवसायानेच १९८५ साली स्थापिलेली आहे, आणि तक्रार येऊन दाद लागेपर्यंत जाहिरात लाखोंच्या डोळ्यांखालून गेलेली असते. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा १९८६ चा कायदा स्त्रीला हीन लेखणाऱ्या चित्रणालाही असभ्य ठरवतो. पण पूर्ण वस्त्रात, सोज्ज्वळ मुद्रेने मांडलेले हीनत्व आधी उकलून ओळखावे लागते. ती उकल पाहणाऱ्यालाच करावी लागेल, कारण जाहिरातीचे अर्धे वाक्य पुरे करण्याचे काम आजवर त्यानेच बिनपगारी केले आहे.

तेव्हा वाचकांना एवढेच सुचवतो की पुढील खेपेस अत्तराच्या दुकानात ‘लेडीज दाखवू की जेंट्स’ असा प्रश्न आला, तर उत्तर देण्याआधी बाटलीचे बूच उघडायला सांगावे.