पुरावा सरकारच्या कपाटात, भार मजुरावर

महाराष्ट्राच्या २००० सालच्या जातप्रमाणपत्र कायद्याचे आठवे कलम सांगते की, जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. शब्द निरुपद्रवी दिसतात. परभणी जिल्ह्यातल्या भूमिहीनाच्या मानगुटीवर मात्र ते भुतासारखे बसतात. अनुसूचित जातीच्या माणसाने १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणायचा, विमुक्त-भटक्याने २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. १९५० साली परभणी हैदराबाद राज्यात होती. आज्याची नोंद असलीच तर ती उर्दूत, क्वचित मोडीत, आणि सरकारच्याच दप्तरात! ज्याच्या घराण्याला जमीन नाही आणि शाळाही नाही, त्याने ती शोधावी कशी?

जुन्या नोंदी शोधणे अशक्य आहे, ही सबब आता चालणार नाही. मराठा आंदोलनाच्या रेट्याखाली सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे शासनानेच उपसली. ते योग्यच झाले. मग पालावरच्या वडार-कैकाड्यांसाठी तीच दप्तरे मुकी का?

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम अभिलेखांची सूची ठेवण्याचे बंधन कचेरीवर घालते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्कही माफ आहे. म्हणजे ‘अभिलेख आढळत नाही’ हे उत्तर त्याला फुकट मिळते, एवढेच. आठवे कलम बदलले पाहिजे. आधी कचेरीने आपली कपाटे धुंडाळावीत, कोणती दप्तरे तपासली ते लिहून द्यावे आणि मगच अर्जदाराकडे पुरावा मागावा.