भोपळ्याच्या मर्जीचा सूर

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ सालची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा बातम्यांत त्यांच्या नावापुढे एकच ओळख होती, तारपावादक. ओळख खरी, पण अर्धी. नव्वदी ओलांडलेल्या या माणसाने आयुष्यभर जसे तारपे वाजवले तसे ते घडवलेही. मिरजेत बनलेली सतार घेऊन कोलकात्यातला वादक खुशाल बैठक मारतो. बनवणारा आणि वाजवणारा एकमेकांना न भेटताही सगळं सुरळीत चालतं. तारप्याचं तसं नाही. प्रदर्शनांत मिळणारे रंगवलेले तारपे भिंतीवर छान दिसतात, त्यातले बहुतेक फुंकरीला दाद देत नाहीत. वाजणारा तारपा हवा असेल तर तो जमवावा लागतो, आणि जमवायचा म्हणजे भोपळ्यापासून सुरुवात.

जव्हार-मोखाड्याकडे पावसाळ्यात झोपडीच्या छपरावर भोपळ्याचे वेल चढलेले दिसतात. त्यातला लांब मानेचा एखादा भोपळा भाजीला तोडायचा नाही, वेलावरच जून होऊ द्यायचा. वाळला की आतला गर आणि बिया काढून पोकळ करायचा. त्याच्या पोटात बांबूच्या दोन नळ्या, एक नर आणि एक मादी. नळीच्या टोकाशी बांबूचीच बारीक कांडी, आणि तिच्या अंगातच कापून उठवलेली जीभ. ही जीभ वेगळी आणून बांधायची नसते. पात्याचा हात जरा जड पडला की कांडी वाया गेली, दुसरी घ्या. नळ्यांच्या खालच्या तोंडाला ताडाच्या पानांचा गुंडाळत गुंडाळत केलेला लांब कर्णा. आणि या सगळ्यांना एकत्र धरणारं मोहळाचं मेण. वेल, गवत, झाड आणि माशी अशा चौघांकडून उसनवारी करून उभं राहिलेलं हे वाद्य. (बांबू हे गवतच, हे वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांनी शाळेत सांगितलं होतं, तेव्हा पटलं नव्हतं.)

खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावर एक म्हातारबाबा तारपा दुरुस्त करत होते, त्यांच्याजवळ मी बराच वेळ बसलो होतो. मेणाची गोळी त्यांनी चुलीजवळ धरून मऊ केली आणि भोपळ्याच्या भोकाशी नळीभोवती लिंपली. मग नळीच फिरवून बाहेर काढली, आतल्या कांडीच्या जिभेवर मोहरीएवढं मेण ठेवलं, पुन्हा बसवली, फुंकली. सूर खाली आला होता. थोडं मेण नखाने काढलं, पुन्हा फुंकलं. जिभेच्या टोकाला वजन वाढलं की ती सावकाश हलते आणि सूर उतरतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण मोहरीएवढं की तिळाएवढं हे कानालाच ठरवावं लागतं. मी विचारलं, बाबा, सूर कोणता धरायचा हे आधी ठरलेलं असतं का? ते म्हणाले, "तो भोपळा सांगतो. तू फुंक, मग तुला पण सांगेल." या भागात लहानथोर सगळ्यांना ‘तू’च, त्यामुळे मला त्यात मानच वाटला. फुंकून पाहिलं. मला काही भोपळ्याने सांगितलं नाही, नुसतीच हवा बाहेर आली.

भोपळ्यात कोंडलेल्या जिभांना ओठ लागत नाहीत. बासरीवाला फुंकर तोडून सूर तोडतो, तशी सोय तारपकऱ्याला नाही. त्याचा आवाज अखंड, फरक करायचा तो फक्त बोटांनी. शिवाय दम घ्यायला थांबायचं नाही: गालात साठवलेली हवा आत ढकलत असतानाच नाकाने श्वास ओढायचा. गारुड्याची पुंगी याच जातीची. थेट इटलीच्या सार्डिनिया बेटावर लाउनेद्दास नावाचं तीन नळ्यांचं वाद्य आहे, तेही असंच नाकाने श्वास घेत अखंड वाजतं आणि त्याच्याही जिभा मेणानेच सुरात आणतात. त्या मेंढपाळांच्या बेटाचा आणि आपल्या डोंगराळ मोखाड्याचा कधी संबंध आला असेल असं नाही. पोकळ नळी आणि मधमाशी हाताशी असली की माणसाचं डोकं बहुधा एकाच वाटेने चालतं.

तारप्याभोवती नाचणारे वीस असोत की शंभर, वाजवणारा एकच. पेटी नाही, तंबोरा नाही, साथीला कुणी नाही. तोच सूर, तोच ताल, तोच दिशा. तो चाल बदलतो तशी नाचणाऱ्यांची पावलं बदलतात, तो वळला की साखळी वळते. आपण एकल वादन म्हणतो त्यात वादक मंचावर बसतो आणि बाकीचे गप्प राहून ऐकतात. इथे एकट्याच्या श्वासावर अख्खा पाडा फिरत राहतो. नवं भात आलं की दिवाळीच्या सुमाराला रात्ररात्र हे चालतं. तोच तारपा सरकारी कार्यक्रमात पाच मिनिटांचा होतो आणि माइक एका जागी उभा असल्यामुळे तारपकऱ्यालाही एका जागी उभं करतात. वारली चित्रात मधोमध तारपा आणि भोवती माणसांची गुंडाळी का असते, हे अशा मंचाकडे बघून कुणाला कळणार नाही.

घरातल्या वस्तूचं वाद्य करण्याची याहून साधी युक्ती पाहायची तर थाळीची. कोकणा समाजात काशाची किंवा पितळेची थाळी घेतात, मधोमध मेणाचा गोळा, त्यात एक काडी उभी. काडीवरून बोटं एकामागून एक खाली ओढत राहायची. काडी थरथरते, ती थरथर मेणातून थाळीत उतरते आणि एक लांबलचक घुमणारा सूर लागतो. त्या एका सुरावर कथेकरी रात्रभर कथा गातो. कथा संपली, काडी काढली, की थाळी पुन्हा जेवायला मोकळी. कंसरी या धान्यदेवतेची कथा सांगणाऱ्याकडे घांगळी असते, बांबूची दांडी, टोकांना भोपळे, वर तारा, आरशाचे तुकडे आणि मोरपिसं. तीही अशीच जमवलेली.

नागपूरच्या पंडित मनोहर चिमोटे यांनी हार्मोनियमला स्वरमंडळाच्या तारा जोडल्या, तिला संवादिनी म्हटलं आणि साथीची पेटी एकल वादनाच्या आसनावर बसवली. पेशाने डॉक्टर असलेल्या विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची हार्मोनियम घडवली. या दोघांना आपण संशोधक म्हणतो आणि ते योग्यच आहे. वेल, बांबू, ताड आणि मेण यांची मोट बांधून प्रत्येक भोपळ्यापाशी नव्याने स्वरांचं गणित मांडणाऱ्याला मात्र आपण ‘पारंपरिक लोककलावंत’ म्हणून मोकळे होतो. म्हणजे जणू त्याने काही केलंच नाही, आजोबांकडून आलेलं फक्त पुढे सरकवलं. परंपरा आहेच, नाकारतो कोण? पण ती पद्धतीची आहे. वस्तू दर वेळी नवी, कारण दोन भोपळे सारखे नसतात.

त्या म्हाताऱ्या बाबांचा नातू नळाचं फिटिंग करतो. त्याने पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे भोपळ्यात बसवून बघितले होते. मला वाटलं आजा चिडेल. आजाने फुंकून बघितलं आणि विचारलं, "भोकं कशानं पाडली?" ड्रिल मशीनने, म्हटल्यावर त्याला ते आवडलंच, कारण बांबूला तापवलेल्या सळीने भोक पाडताना नळी तडकते ती कटकट गेली. जिभेची कांडी मात्र बांबूचीच ठेवावी लागली. अडचण आली ती वेगळीच. मेण गुळगुळीत प्लास्टिकला धरत नाही, उन्हात तर पाइप सरळ निसटतो. नातवाने मग एमसील लावलं. एमसीलने पाइप घट्ट बसला, इतका घट्ट की आता जिभेवरचं मेण कमीजास्त करायला तो बाहेर काढता येत नाही. तेवढ्यासाठी आट्याचं कपलिंग लावता येईल का, यावर आजा आणि नातू दोघांची चर्चा चालू होती.