पुढचा भाग पुढच्या आठवड्यात

1890 साली हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ हप्त्याहप्त्याने येऊ लागली. यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने आपली हकिगत सांगते आहे: माहेर, सासर, नवऱ्याशी जुळलेले मन, मग वैधव्य आणि केशवपन. त्या काळात या विषयावर व्याख्याने, निबंध, वर्तमानपत्री वादावाद्या यांना तोटा नव्हता. पण व्याख्यान ऐकून माणूस घरी जाई आणि जेवून झोपे. यमूची गोष्ट वाचणाऱ्याला पुढचा अंक येईपर्यंत तिची काळजी वाहावी लागे. घरात बोलणी होत असणार, पैजाही लागत असतील. सुधारणेच्या बाजूने एवढा मोठा युक्तिवाद दुसऱ्या कुणी केला असेल असे आम्हांला वाटत नाही, आणि तो युक्तिवाद आहे हे आपटे कुठे बोलूनही दाखवत नाहीत.

यंदाच्या दिवाळी अंकात हप्त्यांनी सांगितलेल्या गोष्टींवर एक स्वतंत्र विभाग आहे. (वर्षातून एकदा निघणाऱ्या अंकाने ‘क्रमशः’चे कौतुक करावे, यातला विनोद आम्हांला कळतो.) त्या विभागात छोट्या पडद्यावरच्या मालिका आहेत, रहस्यकथा आहेत, आकाशवाणीवरची श्रुतिका आहे. संपादकीयासाठी मात्र आम्ही जरा अवघड जागा निवडली आहे: तरुण मुलींना एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रचलेल्या मालिका.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात न्यूआर्क आणि जर्सी सिटी ही दाट वस्तीची शहरे आहेत. रेचेल जोन्स या तिथल्या रटगर्स विद्यापीठात परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका. तिथल्या कृष्णवर्णीय तरुणींमध्ये लागणीचे प्रमाण जास्त होते आणि ती बहुतांशी पुरुष जोडीदाराकडूनच होत होती. जोन्सबाईंनी या तरुणींना बोलते केले तेव्हा दिसले की माहितीचा तुटवडा हा प्रश्नच नाही. कंडोम कशासाठी असतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. अडत होते ते दुसरीकडे. कंडोमचा आग्रह धरला तर त्याला वाटणार, हिचा आपल्यावर विश्वास नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे हिचेच कुठे काही चालू आहे. तो निघून जाईल. चांगला मुलगा मिळणे आधीच दुर्मीळ, तर एवढ्यावरून त्याला कशाला गमवायचे? काहींना तो बाहेर जात असल्याचा संशय होता, तरीही त्या गप्प होत्या. बिनकंडोमचा संग हा त्यांच्या लेखी प्रेमाचा पुरावा होता आणि तो त्याला धरून ठेवण्याचा मार्गही होता.

अशा मुलीला आरोग्य खात्याचे पत्रक काय सांगणार? पत्रक गृहीत धरते की ती अडाणी आहे किंवा बेफिकीर आहे. ती दोन्ही नाही. तिच्यापाशी चुकीच्या निर्णयाचे एक बरोबर कारण आहे, आणि त्या कारणाशी बोलण्याची पत्रकाची ऐपत नसते. गोष्टीची असते. कारण गोष्टीत ते कारण आधी मोठे करून दाखवावे लागते. तो मुलगा खरोखरच हवाहवासा वाटावा लागतो, तिचे एकटेपण खरे वाटावे लागते, आणि मगच तिने उंबऱ्यात थांबून जे काही म्हणायचे ते म्हटले तर ऐकणारीला ते आपल्याला पेलेल असे वाटते.

जोन्सबाईंनी या बायकांच्या बोलण्यातूनच पटकथा बांधली. आधी टोनी, मेरी आणि व्हॅलेरी या तिघींची 43 मिनिटांची फिल्म निघाली. मग ‘लव्ह, सेक्स अँड चॉइसेस’ नावाची बारा भागांची मालिका, भाग पंधरा-वीस मिनिटांचा, दर आठवड्याला एक, थेट फोनवर. फोन निवडण्यामागे हिशेब होता. दवाखान्यातल्या टीव्हीवर चारचौघांत जे पाहताना मान खाली जाते, ते आपल्या खोलीत, आपल्या हातात, दोनदाही पाहता येते.

मग या मालिकेची परीक्षा झाली. 238 तरुणींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला बारा आठवडे मालिकेचे बारा भाग, दुसऱ्याला बारा आठवडे प्रतिबंधाचा एकेक लेखी संदेश. अपेक्षा उघड होती, मालिका बाजी मारणार. प्रत्यक्षात दोन्ही गटांतले धोक्याचे वर्तन चांगलेच उतरले. मालिकेच्या गटात ते आणखी 18 टक्क्यांनी खाली होते, पण तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे संख्याशास्त्राचे मत पडले. संशोधकांनी ते तसेच छापले.

आम्हांला या प्रकरणातला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. गोष्टीच्या धंद्यातली माणसे, म्हणजे आम्हीसुद्धा, गोष्टीच्या सामर्थ्याबद्दल फार मोठ्याने बोलतात. इथे एका साध्या संदेशाने जवळपास तेवढेच काम केले. का, याचा अंदाज आम्ही आमच्यापुरता असा बांधतो: दर आठवड्याला कुणीतरी आठवणीने आपल्याला काही पाठवते आहे, हेच कदाचित निम्मे औषध असावे. हप्त्याची गंमत मजकुराइतकीच त्याच्या येण्यातही असते.

गोष्टीच्या बाजूने अधिक ठाम पुरावा नायजेरियात मिळाला. एमटीव्हीची ‘शुगा’ ही मालिका 2009 साली केनियात सुरू झाली. अभिनेत्री लुपिता न्योंगो ऑस्करपर्यंत पोचण्याआधी तिच्यात काम करत होती. पुढे मालिका नायजेरियात गेली. तिथल्या नैर्ऋत्येकडच्या शहरी वस्त्यांमध्ये अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींना ती दाखवून अभिजित बॅनर्जी, एलियाना ला फेरारा आणि व्हिक्टर ओरोस्को यांनी परिणाम मोजला. (नोबेलवाले बॅनर्जी मराठी आईचे चिरंजीव, तेव्हा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.) काही महिन्यांनी पाहिले तर मालिका पाहिलेल्यांमध्ये एचआयव्हीची चाचणी करून घेणारे जवळजवळ दुप्पट होते. मुलींमध्ये क्लॅमिडिया या लैंगिक आजाराची लागण 55 टक्क्यांनी कमी आढळली. ही गोष्ट महत्त्वाची, कारण मुलाखतीत माणूस समोरच्याला बरे वाटेल ते सांगू शकतो, तपासणीच्या नमुन्याला तशी भीड नसते. गोष्टीत जे जास्त गुंतले होते त्यांच्यात बदलही जास्त होता.

मालिकेतून लोकांचे वागणे बदलण्याची ही रीत मेक्सिकोची, पण तिचे बीज पेरूतले. पेरू देशात 1969 साली ‘सिंप्लेमेंते मारिया’ नावाची मालिका आली. मोलकरीण मारिया शिवणकाम शिकून वर येते, आणि ती लागली त्या देशांत शिलाई यंत्रांचा खप वाढला. मिगेल साबिदो या मेक्सिकन निर्मात्याने हे हेरले. यंत्र विकता येते तर साक्षरता का नाही? त्याने पात्रांचे तीन प्रकार ठरवले. एक चांगले, एक वाईट, आणि मधले, जे अडखळते, घसरते, उशिरा का होईना सावरते. प्रेक्षक त्या मधल्याला धरून चालतो. याच वळणाने आपल्याकडे 1984 मध्ये ‘हम लोग’ आली. पहिल्या काही भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका दाटला होता की लोक कंटाळले, तो पातळ करावा लागला. सोसणारी आई भगवंती ही ‘असे होऊ नका’ म्हणून रचली होती, पण असंख्य प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. लेखकाने पात्रावर कोणतीही चिठ्ठी चिकटवावी, बघणारे ती काढून आपली लावतात. आजच्या संध्याकाळच्या मालिका त्या भगवंतीच्याच लेकीसुना आहेत, एवढेच म्हणून हा विषय सोडतो.

आता कुणी विचारेल, औषधे इतकी पुढे गेल्यावर गोष्टींची गरज काय? 2024 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणींवर झालेल्या लेनाकापाविर या इंजेक्शनच्या चाचणीचे निष्कर्ष आले. वर्षातून फक्त दोनदा घ्यायचे. ज्या 2134 जणींना ते मिळाले त्यांच्यात एकीलाही लागण झाली नाही. जोडीदाराला विचारायला नको, त्याची समजूत काढायला नको. न्यूआर्कच्या मुलींचे अर्धे दुखणे इथे एका सुईने संपते. आनंदाचीच बातमी आहे.

पण तिच्या आधीची एक बातमीही लक्षात ठेवावी. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेतल्या 5029 स्त्रियांना घेऊन ‘व्हॉइस’ नावाची मोठी चाचणी झाली होती. रोज एक प्रतिबंधक गोळी किंवा जेल. बहुतेकींनी नियमित वापरत असल्याचे सांगितले. रक्त तपासले तेव्हा फार तर तीस टक्के नमुन्यांत औषध सापडले. संरक्षण अर्थातच मिळाले नाही. नंतर त्यांतल्या स्त्रियांशी बोलल्यावर कारणे कळली: घरात डबी दिसली तर हिला एड्स झाला म्हणतील, नवरा संशय घेईल, निरोगी बाईने रोज गोळी का खावी. रसायनात काही कमी नव्हते, ती गोळी कुठल्याही ओळखीच्या जगण्यात बसत नव्हती. सहा महिन्यांनी का होईना, इंजेक्शनसाठीही दवाखान्याची पायरी चढावी लागते आणि तिथे ओळखीचे कुणी भेटले तर काय सांगायचे हे ठरवून जावे लागते. ते वाक्य औषध कंपनी पाकिटात घालून देत नाही.

महाराष्ट्राला हे सारे परके नाही. पुण्याच्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केला. देहविक्रय न करणाऱ्या 391 स्त्रियांपैकी 13.6 टक्के जणींना एचआयव्हीची लागण होती. त्यांतल्या बहुतेक लग्न झालेल्या, नवऱ्याशिवाय कुणाशीही संबंध नसलेल्या. त्यांचा धोक्याचा एकमेव व्यवहार म्हणजे संसार. अशा बाईला ‘जोडीदार विचारपूर्वक निवडा’ असे सांगून काय उपयोग?

आणि हप्त्यांची गोष्ट मुंबईनेही पाहिली आहे. 2002 च्या अखेरीस शहरभर फलक लागले: बलबीर पाशाला एड्स होणार का? कोण हा बलबीर, हे कुणालाच ठाऊक नव्हते. मग आठवड्याआठवड्याने गोष्ट उलगडत गेली, लोकलमध्ये, नाक्यावर, रेडिओवर. बलबीर घरोघरी पोचला, हे यश नाकारता येणार नाही. पण त्या गोष्टीत बाई होती ती धोका म्हणून. पुरुषाने जिच्यापासून जपायचे ती. त्यावर तेव्हा आक्षेपही घेतले गेले. न्यूआर्कची मालिका नेमकी उलट बाजूने कॅमेरा लावते आणि धोका दिवाणखान्यातल्या आवडत्या माणसात बसलेला दाखवते.

आपल्याकडे तशी मालिका करायची तर पहिली अडचण फोनची. न्यूआर्कच्या अभ्यासात मुलींना स्वतःच्या वापरासाठी स्मार्टफोन दिले होते. भारतात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरतो असा मोबाइल 54 टक्के स्त्रियांकडेच होता, आणि ‘स्वतःचा’ फोनही घरात किती जण उघडतात हे वाचकांना ठाऊक आहे. भावाला पासवर्ड माहीत असलेल्या फोनवर असल्या मालिकेचा दुसरा भाग येणे म्हणजे घरात नवी मालिका सुरू होणे. म्हणून आपल्याकडची गोष्ट एकट्याने पाहायची असून चालणार नाही. ती बचतगटात, महाविद्यालयाच्या वसतिगृहात, अंगणवाडीच्या खोलीत मिळून पाहता यावी लागेल. ‘शुगा’ तशीच मुलामुलींच्या घोळक्यात दाखवली गेली होती. आणि तिच्यात पुरुष हवा. बलबीरसारखा फलकावरचा बागुलबुवा नव्हे, साबिदोचा तो मधला माणूस: ट्रकवर किंवा साखर कारखान्याच्या तोडीवर सहा महिने घराबाहेर असणारा, बायकोवर जीव असणारा, आणि घरी परतल्यावर पहिल्या रात्री तिला काय सांगायचे हे न सुचणारा.

अशी एक दीर्घकथा या अंकासाठी आम्ही मागितली होती. विषय ऐकून सगळ्यांनी होकार दिला, हातात मजकूर मात्र एकाचाही पडला नाही. तेव्हा पुढच्या दिवाळीची मागणी आजच नोंदवतो. पाच-सहा हप्त्यांत मोडता येईल अशी असावी, दर हप्त्याच्या शेवटी वाचकाला झोप येऊ नये, आणि नायिकेने एकदाही भाषण करू नये. मजकूर गुरुपौर्णिमेपर्यंत पोचावा. मानधन नेहमीपेक्षा जास्त देऊ.