हृदयविकार, जंतू आणि आपले आरोग्यकारण

हृदयविकाराचा झटका हा सुखवस्तू माणसांचा रोग, ही समजूत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. तूप, आरामखुर्ची आणि चिंता ही कारणे सांगितली की चर्चा आटोपते. ती इतक्यावर आटोपू देणे योग्य नव्हे.

१९८८ साली फिनलंडमधील संशोधकांना हृदयविकाराच्या रुग्णांत ‘क्लॅमिडिया न्यूमोनिए’ या श्वसनमार्गातील जंतूविरुद्धची प्रतिपिंडे अधिक प्रमाणात आढळली. त्यातून मोठी आशा निर्माण झाली : जंतुनाशक गोळी द्यावी आणि झटका टाळावा! २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे चार हजार रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर अझिथ्रोमायसिन देण्यात आले. लाभ शून्य.

मग जुनाट संसर्ग निर्दोष ठरला काय? तसेही म्हणता येत नाही. २०१७ साली सुमारे दहा हजार रुग्णांवरील चाचणीत, कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह शमवणाऱ्या औषधाने झटके कमी झाले. धमनीतील दाह हा या रोगाचा भागीदार आहे, हे त्यातून दिसले. मात्र ते औषध अतिशय महाग, आणि घेणाऱ्यांत प्राणघातक संसर्गाचे प्रमाणही थोडे वाढले. हिरड्यांचा जुनाट विकार असणाऱ्यांत हृदयविकार अधिक दिसतो. पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली स्पष्ट केले.

तंबाखू आणि रक्तदाब हे मुख्य अपराधी आहेतच. परंतु मिश्रीने हिरड्या झिजलेली, दाट वस्तीतल्या धुरकट खोलीत खोकत राहणारी कष्टकरी स्त्री या साऱ्यांचा भार एकाच देहावर वाहते. दात दुखला तर तो उपटण्याइतका खर्च साठेपर्यंत ती थांबते. तिच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य हवा, रक्तदाबाची नियमित तपासणी हवी, हृदयरुग्णांना फ्लूची लस हवी. पुरावा पूर्ण होईपर्यंत यांपैकी काहीही अडून राहण्याचे कारण नाही. कारण निरोगी दात आणि स्वच्छ हवा यांचे मोल हृदयावाचूनही आहेच.

धमनीविकारात दाह असतो, हे एकोणिसाव्या शतकातच सांगणारा जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो १८४८ साली सायलेशियातील टायफसची साथ पाहून आला, तेव्हा त्याने उपाय म्हणून शिक्षण, स्वातंत्र्य आणि सुबत्ता यांची मागणी केली होती. त्याचे पहिले म्हणणे आपण प्रयोगशाळेत तपासले. दुसरे अंदाजपत्रकात केव्हा तपासणार?