तिरंग्याची कसोटी

स्वातंत्र्यदिन आणि त्यामागोमाग १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की, नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीतील ध्वजनिर्मितीच्या बातम्या वृत्तपत्रांतून झळकू लागतात. लातूर जिल्ह्यातील उदगीरला विणलेले कापड नांदेडास येते आणि तेथे त्याचे राष्ट्रध्वज शिवले जातात, ही गोष्ट मराठवाड्यास भूषणावह आहे खरी. परंतु दोन दिवस भूषण मिरवून तिसऱ्या दिवशी ती विसरण्याची आपणां सर्वांची जी सवय, तिच्याविषयीच आज चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

निजामी राजवटीत हा ध्वज हाती घेणे हाच गुन्हा होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थ ह्यांनी हैदराबादेत तो उभारला आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. ज्या प्रदेशाने ह्या तीन रंगांसाठी अशी किंमत मोजली, त्याच प्रदेशात त्याचे कापड विणले जावे ह्यात औचित्य आहे. पण औचित्यावर कापड टिकत नाही, ते सुतावर टिकते.

स्वतंत्र भारताने मालाच्या दर्जाची मानके ठरवावयास घेतली, तेव्हा पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाच्या मानकास दिला. १९५१ साली तत्कालीन भारतीय मानक संस्थेने ते प्रसिद्ध केले व पुढे १९६४ आणि १९६८ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२. ६३०० बाय ४२०० मिलिमीटरच्या भव्य ध्वजापासून १५० बाय १०० मिलिमीटरच्या चिमुकल्या ध्वजापर्यंत नऊ ठरीव आकार. चोवीस आऱ्यांचे चक्र दोन्ही बाजूंनी सारखे दिसले पाहिजे. एवढ्यावर भागत नाही. कापडाचे वजन, ताण सोसण्याची शक्ती, रंगांच्या छटा, ते रंग उन्हात व पाण्यात कितपत टिकतात, फार काय, शिलाईचा दोरा आणि ध्वज चढवण्याची दोरी, ह्या साऱ्यांची परीक्षा असते. शेवटी शिक्का मारणारा अधिकारी दर्जा निर्माण करीत नाही. तो केवळ दर्जा आहे की नाही एवढेच पाहतो. कातणाऱ्या बाईच्या बोटांतून सूत जाडबारीक उतरले, तर उत्तम विणकराच्याही हातून कापड एकसारखे निघत नाही आणि ते दोष पुढे कोणत्याही शिलाईने झाकत नाहीत. म्हणून हे काम सावकाश होते आणि म्हणूनच ते महाग पडते.

३० डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने ध्वजसंहितेत दुरुस्ती करून यंत्रावर केलेल्या व पॉलिस्टरच्या ध्वजांसही मान्यता दिली. आम्ही ह्या निर्णयास सरसकट विरोध करू इच्छीत नाही. कोट्यवधी घरांवर ध्वज फडकावा असे वाटत असेल, तर हातमागाच्या खादीने ती गरज भागणार नाही, हे उघड आहे. पण कापड बदलले म्हणून ३:२ चे प्रमाण बदलले नाही, आणि चक्रही बदलले नाही. असे असता २०२२ च्या ऑगस्टात ठिकठिकाणी वाटण्यात आलेल्या ध्वजांविषयी वाकडे चक्र, चुकीचे माप, विटके रंग अशा तक्रारी आल्या. ते ध्वज कोणी तपासले होते? उदगीरचे वा कर्नाटकातील हुबळीचे खादीचे कापड सूत मोजून तपासायचे आणि यंत्रावरचा माल पोत्यांनी आणून तसाच वाटायचा, ह्याचा अर्थ वर्गातील एकाच अभ्यासू मुलाची वही तपासायची आणि उरलेल्यांना न तपासता उत्तीर्ण करायचे असा होतो. अशा वर्गात अभ्यासू मुलगा फार दिवस अभ्यास करीत नाही, हे शिक्षकी पेशात काही वर्षे घालवलेल्या आम्हांला पक्के ठाऊक आहे.

खरेदीदार म्हणून शासनाची जबाबदारी येथे मोठी आहे. जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद, महानगरपालिका, पंचायत समित्या ह्यांनी निविदेत सर्वांत कमी दर पाहावा, पण त्याआधी माप आणि रंग पाहावेत. नमुन्याचा एक ध्वज घेऊन त्यावर फूटपट्टी ठेवणे आणि तो बादलीभर पाण्यात बुचकळून पाहणे ह्यास कोणत्या प्रयोगशाळेची आवश्यकता आहे? निदान शासकीय इमारतींवर जो ध्वज चढतो, तो मानक ब्यूरोच्या चिन्हाचा खादीचाच असावा, असा ठराव नांदेड आणि लातूर येथील जिल्हा परिषदांनी करावा. त्याची मागणी जुलैअखेर न नोंदवता आदल्या हिवाळ्यात नोंदवावी, म्हणजे सूत कातायला व कापड विणायला अवधी मिळेल. आणि माल ताब्यात घेतल्यावर त्याचे पैसे पुढल्या ऑगस्टपर्यंत अडवून ठेवू नयेत.