फवारणी आणि पानांचा जमाखर्च

गोडी छाटणीनंतर नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांवर पाऊस उतरला, की केवड्याच्या धास्तीने फवारणीयंत्रे रात्रंदिवस सुरू होतात. यात बागाईतदाराला दोष देण्याचे कारण नाही. फुलोऱ्यात घडांवर केवडा आला तर वर्षाची मिळकत आठवड्यात हातची जाते; सोसायटीचे कर्ज मात्र उभेच राहते. बुरशीनाशके नकोतच, असे सांगणाऱ्याला बागेवर पोट भरावयाचे नसते. आमचा प्रश्न निराळा आहे. औषध बुरशीवर पडते तसे पानावरही पडते. आणि घडात उतरणारी साखर त्या पानातच तयार होते. त्या पानाची विचारपूस कोण करतो?

मिलार्दे यांनी 1885 साली फ्रान्समध्ये बोर्डो मिश्रण पुढे आणले. त्यातील चुना मोरचुदाचा दाह आवरतो. चुना कमी पडला की कोवळी पाने करपतात, हे जुन्या बागाईतदारास सांगावे लागत नाही. पानात जादा तांबे शिरले तर प्रकाशसंश्लेषणातील इलेक्ट्रॉनांची वाहतूक अडते व हरितद्रव्य घटते. तथापि करपलेले पान निदान दिसते तरी.

आंतरप्रवाही औषधांचे तसे नाही. ट्रायझोल वर्गातील औषधे बुरशीच्या पेशीपटलास लागणारे अर्गोस्टेरॉल घडू देत नाहीत. त्याचबरोबर वनस्पतीतील जिबरेलिनच्या निर्मितीतही ती कमीअधिक ढवळाढवळ करतात. मात्रा वाढली की पेरे आखूड राहतात, पाने लहान, जाड व गडद होतात. कोकणात हापूसची पालवी रोखून मोहर आणण्यासाठी वापरले जाणारे पॅक्लोब्युट्राझोल याच कुळातले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. मणी फुगावेत म्हणून एका हाताने जिबरेलिक आम्ल द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने वेलीचे स्वतःचे जिबरेलिन आवरणारे औषध मारावयाचे, असा हा व्यवहार आहे.

स्ट्रोबिल्युरिन गटाची कथा याहून चमत्कारिक. रानटी अळिंबीतील द्रव्यावरून घडविलेली ही औषधे बुरशीचे श्वसन बंद पाडतात. ती वनस्पतीच्या श्वसनालाही थोडा लगाम घालतात. युरोपात गव्हाची पाने त्यांमुळे अधिक काळ हिरवी राहिल्याचे दिसून आले आणि विक्रेत्यांना आयतीच जाहिरात मिळाली. आता रोग नसतानाही ती ‘टॉनिक’ म्हणून खपविली जातात. याला आमचा सक्त विरोध आहे. पान हिरवे दिसले म्हणजे ते तितकेच राबते असे नव्हे. शिवाय केवडा व भुरी या दोन्ही बुरशींत या गटाला न जुमानणारे वाण निपजले आहेत, ते अशाच वारंवार वापरातून.

1968च्या कीटकनाशक कायद्याने घालून दिलेल्या नोंदणीच्या पद्धतीत पिकाला होणारी इजा पाहिली जाते, पण ती मुख्यतः डोळ्यांना दिसणारी: पिवळेपणा, करपणे, कोमेजणे. मंदावलेले प्रकाशसंश्लेषण त्या चाळणीतून निसटते. वास्तविक पान न तोडता, हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीवरून काही क्षणांत ते जोखणारी हातात मावणारी उपकरणे आहेत. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि कृषी विद्यापीठे यांनी ती घेऊन बागेतच जावे. कारण प्रयोगशाळेत औषध एकेकटे तपासले जाते, शेतकऱ्याच्या टाकीत मात्र तीन-तीन औषधे एकत्र कालवलेली असतात. फवारणीनंतर पान किती दिवस मंदावते आणि घड भरण्याच्या काळात कोणते औषध टाळावे, हे वेष्टनावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापण्याची सक्ती सरकारने करावी.